मीटर २६२ व्होल्ट दाखवतोय: लाइन वाढली की बॅटरी बसली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली यंत्रमागाचं शेड, वर राहायला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून साधा डिजिटल मल्टीमीटर घेतला, ८३० जातीचा, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा. तेव्हा घरच्या प्लगला तो २३५ च्या आसपास दाखवायचा. आता मे महिन्यात त्याच प्लगला २६२ दाखवतो. ओहमवर आकडा बरोबर येतो, डिस्प्लेही स्वच्छ दिसतो, म्हणून मीटर ठीक आहे असं तुम्ही धरलंय. महावितरणकडे तक्रार करावी का, आणि बॅटरी बदलायचीच तर कोणती घ्यावी, चार्जिंगची चालेल का, की सरळ अडॅप्टरच लावून टाकावा, असं विचारलंय.

बॅटरी कोणती, हा यातला सोपा भाग. आधी ठरवायचं ते हे, की २६२ हा आकडा लाइनचा आहे की मीटरचा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला बॅटरीचा संशय जास्त येतो. पण इथे बसून खात्रीनं सांगता येणार नाही. ते तुम्हालाच दहा मिनिटांत तपासता येईल, कसं ते पुढे लिहितो.

त्याआधी धोक्याची गोष्ट. तुमच्याकडे तीन फेजचं कनेक्शन असणार. तीन फेजमध्ये न्यूट्रल, म्हणजे परतीची सामाईक वायर, सैल झाला किंवा तुटला, तर एका फेजवर व्होल्टेज चढतं आणि दुसऱ्यावर उतरतं. लक्षणं मीटरशिवायही कळतात. एका खोलीतला दिवा नेहमीपेक्षा भगभगीत, दुसरीकडचा मिणमिणता, आणि इस्त्री किंवा गिझर चालू केला की हा फरक एकदम बदलतो. असं काही दिसत असेल तर बॅटरीची चर्चा बाजूला ठेवा, मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा किंवा महावितरणच्या १९१२ ला फोन करा. अशा वेळी टीव्ही, फ्रिज, एलईडी दिवे काही मिनिटांत जातात. तसं काही नसेल, दिवे-पंखे नेहमीसारखे चालत असतील आणि फक्त मीटरचाच आकडा वाढलेला असेल, तर पुढे वाचा.

या जातीच्या मीटरमध्ये बहुतेक वेळा ७१०६ नावाची चिप किंवा तिच्याच धर्तीची चिप असते. ही चिप व्होल्टेज थेट मोजत नाही. आलेल्या व्होल्टेजची ती आपल्याजवळच्या एका ठरलेल्या व्होल्टेजशी तुलना करते आणि ते त्याच्या किती पट आहे तेवढा आकडा दाखवते. हे ठरलेलं व्होल्टेज म्हणजे रेफरन्स, आणि चिप तो बॅटरीतूनच तयार करते. बॅटरी ९ व्होल्टची असो की ८ ची, रेफरन्स जागचा हलत नाही. पण बॅटरी ७ व्होल्टच्या आसपास किंवा खाली गेली की चिपला तो धरून ठेवता येत नाही आणि तो घसरायला लागतो. गजाची पट्टी आखडली की तेच कापड जास्त गज भरतं, तसं इथे होतं. लाइन तेवढीच राहते, आकडा वाढतो. म्हणूनच बॅटरी बसत आलेला मीटर बहुधा कमी दाखवत नाही, जास्त दाखवतो. आणि ही गफलत आकडे फिके पडायच्या बऱ्याच आधी सुरू होते, त्यामुळे डिस्प्ले स्वच्छ आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. चांगल्या मीटरवर अशा वेळी बॅटरीची खूण येते. स्वस्त ८३० मध्ये ती कधी येते, कधी येतच नाही.

ओहमचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. ओहमच्या रेंजवर मीटर आतला एक माहीत असलेला रेझिस्टर आणि तुमचा बाहेरचा रेझिस्टर एकामागे एक जोडून दोघांवरच्या व्होल्टेजची तुलना करतो. बॅटरी उतरली तर दोन्हीकडचं व्होल्टेज सारख्याच प्रमाणात उतरतं, आणि गुणोत्तर तेच राहतं. त्यामुळे ओहम बरोबर आणि व्होल्ट चूक हे एकाच मीटरमध्ये एकाच वेळी खुशाल घडू शकतं. दुरुस्तीला येणाऱ्या मीटरांत "ओहम तर बरोबर दाखवतो की" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं.

आता तपासणी. मीटर स्वतःची बॅटरी स्वतः मोजू शकत नाही, म्हणून ज्याचं व्होल्टेज आपल्याला आधीच माहीत आहे अशी वस्तू त्याला दाखवायची. सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे नवाकोरा १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल. डीसी व्होल्टची २० ची रेंज लावा, काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्ट-ओहम लिहिलेल्या भोकात. नवा अल्कलाइन सेल १.५५ ते १.६२ च्या दरम्यान दाखवायला हवा, साधा झिंक-कार्बन त्याहून किंचित वर जाऊ शकतो. आता तुमचा हिशेब बघा. २३५ चे २६२ झाले म्हणजे मीटर जवळजवळ साडेअकरा टक्के जास्त मोजतोय. दोष मीटरचा असेल तर तो सेललाही तेवढाच लागू होईल आणि १.६ चा सेल १.७८ दिसेल. १.७८ व्होल्टचा अल्कलाइन सेल बाजारात मिळत नाही.

दुसरी वस्तू दारातच उभी असते, मोटारसायकल. गाडी बंद करून तासभर झाला असावा. मग एक मिनिट हेडलाइट लावून बंद करा, म्हणजे बॅटरीच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज निघून जातो, आणि त्यानंतर मोजा. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन बंद असताना मीटर १४ च्या वर सांगत असेल तर तो खोटं बोलतोय, कारण १४ च्या वरचा आकडा फक्त इंजिन चालू असताना, चार्जिंग होत असतानाच यायला हवा. सेलवरही जास्त आणि गाडीवरही त्याच प्रमाणात जास्त आलं, तर प्रश्न मिटला. लाइनचा काही दोष नाही, बॅटरी आणा. दोन्हीकडे आकडे बरोबर आले, तर २६२ खरे मानून शेवटच्या परिच्छेदाकडे जा.

बॅटरी बदलताना आधी वायरींची दोन्ही टोकं जिथे लावली असतील तिथून काढा, मग वायरी मीटरच्या भोकांतूनही काढा, आणि डायल ऑफवर आणा. हाच क्रम ठेवा. वायरी प्लगमध्ये असताना मागचं झाकण उघडलं, तर आतली सर्किटची अख्खी पट्टी आणि बॅटरीसुद्धा २३० व्होल्टवर असू शकते. पाठीमागे दोन स्टार स्क्रू असतात. ते प्लास्टिकमध्येच बसतात, त्यामुळे परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा, हलकासा टक्क करून जुन्या आट्यात पडल्याचं जाणवेल, मग सुलटा फिरवा. असं न करता दरवेळी नवा आटा पाडला तर दोन-तीन वेळांतच झाकण सैल होतं.

बॅटरीच्या डोक्यावर दोन टोकं असतात. लहान गोल बटण प्लस, मोठं पाकळ्यांचं मायनस. मीटरच्या क्लिपवर याच्या उलट असतं, म्हणून क्लिप एकाच बाजूनं नीट बसते. खरा धोका बसवताना नसतो, चाचपडताना असतो. अंधारात क्लिप उलटी टेकवली आणि क्षणभर जरी उलट करंट गेला, तरी या स्वस्त मीटरांत उलट जोडणीपासून संरक्षण बहुधा नसल्यामुळे चिप जाऊ शकते. डायल ऑफवर असला तर हा धोकाही टळतो. जुनी बॅटरी काढताना लाल-काळ्या वायरी ओढू नका. त्या केसासारख्या बारीक असतात आणि डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या, जागीच तुटतात. नखानं किंवा पातळ पट्टीनं क्लिप उचला. पाकळ्या सैल झाल्या असतील तर चिमट्यानं अगदी हलकं दाबा. सैल क्लिपमुळे मीटर हलवला की बंद पडतो आणि लोक तो फेकून देतात.

झाकण लावण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, कुठली वायर कडेत चेपली जात नाही ना. दुसरी, बॅटरीचं पत्र्याचं अंग पट्टीवरच्या डागांना टेकत नाही ना. टेकत असेल तर मध्ये जाड कागद किंवा इन्सुलेशन टेप घाला. आत काचेचा २० मिलिमीटर लांबीचा फ्यूजही दिसेल. त्यावर बहुधा २०० किंवा २५० मिलिअँपिअर आणि २५० व्होल्ट असं कोरलेलं असतं. गेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा, फास्ट प्रकारचा घाला. घरच्या किटकॅट फ्यूजला तार बांधतो तशी इथे तार बांधायची नाही. हा फ्यूज मिलिअँपिअरची रेंज जाळण्यापासून वाचवतो. तार बांधली की पुढच्या चुकीत फ्यूजऐवजी पट्टीच जळेल.

बॅटरी कोणती. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ६एफ२२ लिहिलेलं असेल तर ती साधी झिंक-कार्बन, ६एलआर६१ असेल तर अल्कलाइन. मीटरसोबत फुकट येते ती बहुतेक पहिल्या प्रकारची. असा मीटर साधारण दीड ते दोन मिलिअँपिअर खातो. अल्कलाइन बॅटरीत ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास ताकद असते, झिंक-कार्बनमध्ये त्याहून बरीच कमी. म्हणजे अल्कलाइन अडीचशे ते तीनशे तास चालायला हवी. ऐकायला भरपूर वाटतं, पण ८३० ला आपोआप बंद होण्याची सोय नसते. रविवारी मोजमाप करून डायल व्होल्टवर तसाच ठेवला, तर पुढचा रविवार उलटेपर्यंत साध्या बॅटरीचा बहुतेक भाग संपलेला असतो. पाच महिन्यांत बॅटरी बसली याचं नवल नाही. तुम्ही डायल ऑफला नेता की नाही, यावर बॅटरीच्या जातीपेक्षा जास्त अवलंबून आहे.

माझा सल्ला अल्कलाइनचा, पण कारण फक्त ताकदीचं नाही. झिंक-कार्बन बॅटरीत जस्त हेच सेलचं एक टोक असतं. वापरात ते झिजत जातं आणि शेवटी आतलं पाणी बाहेर येतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं. अल्कलाइनही गळते, विशेषतः संपल्यावर मीटरमध्येच राहिली तर, पण तुलनेनं उशिरा. महिन्यातून एखाद्या वेळीच मीटर लागत असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा. तिच्या दोन टोकांवर टेपचा तुकडा मारा, नाहीतर डब्यात स्क्रू-खिळ्यांशी टेकून शॉर्ट होते.

चार्जिंगच्या बॅटरीचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. ९ व्होल्टच्या आकारात निकेल-मेटल-हायड्राइडच्या बॅटऱ्या येतात, त्यातल्या काही आत सहा सेलच्या असतात, म्हणजे ७.२ व्होल्टच्या. वर म्हटलं तसं ७ व्होल्टच्या जवळ रेफरन्स घसरायला लागतो, म्हणजे ही बॅटरी जवळजवळ पहिल्या दिवसापासूनच धोक्याच्या रेषेवर असते. आठवडाभर नुसती पडून राहिली तरी ती आणखी उतरते. घ्यायचीच तर सात सेलची, ८.४ व्होल्ट लिहिलेली घ्या. यूएसबीनं चार्ज होणाऱ्या लिथियमच्या ९ व्होल्ट बॅटऱ्या आता सगळीकडे दिसतात. त्यांच्यात बहुधा आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं. ते सतत थोडा करंट खातं आणि त्याचा गोंगाट मिलिव्होल्टच्या रेंजवर आकडे नाचवतो. शिवाय ती शेवटपर्यंत ९ व्होल्ट देते आणि मग एका झटक्यात बंद होते. बॅटरी उतरतेय याची आधी चाहूल लागत नाही.

दोन पेन्सिल सेलवर चालणारा मीटर तुम्ही पुढे कधी घेतलात तर तिथे गणित वेगळं. निकेल-मेटल-हायड्राइडचे दोन सेल मिळून २.४ व्होल्ट होतात, नव्या साध्या सेलचे ३ च्या वर. बहुतेक मीटर २.४ वर नीट चालतात, फक्त बॅटरीची खूण लवकर येते. ती आली की आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं पाळलं की पुरे. हे सेल फारसे गळत नाहीत, म्हणून दोन सेलच्या मीटरमध्ये मी चार्जिंगचे सेल नापसंत करत नाही. जुना आणि नवा सेल मात्र कधीही मिसळून घालू नका.

अडॅप्टरचं मात्र साफ नाही. मीटर हातात धरता येतो तो तरंगता असतो म्हणून. आतल्या पट्टीला जमिनीचा किंवा लाइनचा संबंध नसतो. तुम्ही कॉमची वायर चुकून फेजला लावली तर मीटरची अख्खी आतली बाजू फेजवर जाते, आणि बाहेरच्या प्लास्टिकमुळे तुम्ही वाचता. आता त्याच आतल्या बाजूला अडॅप्टरची वायर जोडली, की फेज आणि तुमच्या टेबलामध्ये त्या अडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन तेवढं उरतं. सव्वाशे रुपयांच्या अडॅप्टरवर तेवढा भरवसा ठेवू नये. अडॅप्टरमधून थोडा करंट एरवीही झिरपतो, त्यानंही रीडिंग हलतं. मोबाइलचा लिथियम सेल आणि चार्जिंग बोर्ड बसवायला मीटरच्या खोक्याला भोक पाडणारेही पाहिलेत. ते भोक बोटाच्या आणि २३० व्होल्टच्या मधलंच इन्सुलेशन कमी करतं.

नवी बॅटरी बसली, झाकण लागलं. आता वायरी. ओहमची २०० ची रेंज लावून दोन्ही टोकं एकमेकांना दाबून धरा. ०.३ ते १ ओहमच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. तसंच धरून दोन्ही वायरी पिनेजवळ आणि प्रोबच्या शेपटाजवळ वाकवून हलवा. आकडा उडाला, १ होऊन गेला, तर आतली तार तुटलेली आहे. बॅटरीच्या चुकीपेक्षा ही चूक जास्त जीवघेणी. तुटलेल्या वायरीचा मीटर चालू फेजवर शून्य दाखवतो आणि माणूस निर्धास्त होऊन हात घालतो. म्हणून लाइन बंद आहे याची खात्री करताना तीन पायऱ्या ठेवा. आधी चालू असलेल्या प्लगवर मीटर २३० दाखवतो ते बघा, मग बंद केलेली जागा मोजा, मग पुन्हा त्याच चालू प्लगवर मोजा. तिसरी पायरी लोक हमखास गाळतात, आणि नेमकी मधल्या मोजणीत वायर तुटली असेल तर ती तिसऱ्या पायरीतच सापडते.

८३० वर तीन भोकं असतात. कॉम, मधलं व्होल्ट-ओहम-मिलिअँपिअरचं, आणि १० अँपिअरचं. काळी वायर कायम कॉममध्ये. लाल कायम मधल्या भोकात, आणि १० अँपिअरचं भोक तुम्ही विसरून गेलात तरी चालेल. त्या भोकापासून कॉमपर्यंत आत एक जाडसर तार असते, जवळजवळ शून्य ओहमची, आणि तिला या मीटरांत बहुतेक फ्यूज नसतो. लाल वायर तिथे राहिली आणि तुम्ही टोकं प्लगमध्ये घातलीत, की तुम्ही फेज-न्यूट्रलमध्ये सरळ तार लावलीत. डायल एसी व्होल्टवर असला तरी काही फरक पडत नाही, कारण ठरवतं ते भोक. आणखी एक, ८३० वर एसी अँपिअर मोजताच येत नाही, त्यावरची अँपिअरची रेंज डीसीची आहे. मागाच्या मोटरचा करंट बघायचा असेल तर वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा टाँग टेस्टरच लागेल.

घरची लाइन मोजायला एसीची ७५० ची रेंज. २०० वर लावलं तर डाव्या कडेला नुसता १ दिसेल, म्हणजे रेंजबाहेर. प्रोब धरताना बोटं कडेच्या कठड्याच्या मागे, आणि शक्यतो एकाच हातात दोन्ही प्रोब, दुसरा हात मोकळा.

या मीटरकडून किती अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. ७५० एसीच्या रेंजवर याची अचूकता साधारण १.२ टक्के अधिक १० आकडे अशी दिलेली असते. २३० वर १.२ टक्के म्हणजे पावणेतीन व्होल्ट, आणि १० आकडे म्हणजे, या रेंजवर शेवटचं घर एकेका व्होल्टचं असल्यामुळे, आणखी १० व्होल्ट. एकूण १३ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. नवी बॅटरी घातल्यावरही तो २४० दाखवेल आणि शेजारचा मीटर २३२, आणि दोघंही आपापल्या हमीत असतील. दोन-पाच व्होल्टच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय ही हमी १८ ते २८ अंश तापमानासाठी असते. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला चूक मूळ हमीच्या दहाव्या भागानं वाढते असं बऱ्याच मीटरांच्या माहितीपत्रकात असतं. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४३ अंश असेल तर २८ च्या वर १५ अंश, म्हणजे हमी अडीचपट सैल. स्वस्त मीटर तर ४० अंशांपुढे वापरूच नका असं सांगतात. शक्य असेल तर सकाळी मोजा.

शेडमधल्या पॅनलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मीटर हातात आहे म्हटल्यावर तो तिकडे जाणारच. तिथे हा मीटर नेऊ नका. घरचा प्लग वेगळा आणि तीन फेजचं पॅनल वेगळं. फेज ते फेज ४१५ व्होल्ट, आणि शॉर्ट झाल्यास मागून येणारा करंट हजारो अँपिअरचा. त्या जागेसाठी कॅट थ्री ६०० व्होल्टचा, म्हणजे पॅनलवरच्या मोजणीसाठी ठरवलेल्या सुरक्षा दर्जाचा, मीटर लागतो. त्यात आत मोकळं अंतर जास्त असतं, अँपिअरच्या भोकाला वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो, आणि प्रोबवरही तोच कॅट लिहिलेला असतो. ८३० वर कधीकधी मोठे आकडे छापलेले असतात, पण उघडून बघितलंत तर त्यामागे काही नसतं. नाशिकमध्येच तयार होणारे ऋषभचे मीटर आहेत, फ्लूकचा १०१ आहे, जो दोन लहान सेलवर चालतो आणि त्यात अँपिअरची रेंजच नाही. घर आणि पॅनल दोन्हीकडे फक्त व्होल्ट आणि कंटिन्युटी (तार अखंड आहे की नाही) बघायची असेल तर ही उणीव मला सोय वाटते, कारण चुकीचं भोकच नाही.

शेडमध्ये मीटर ठेवला तर आत सूताचा फुफाटा जातो, भोकांत आणि डायलच्या पट्ट्यांवर बसतो आणि आकडे उड्या मारायला लागतात. कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. माग झाडायला वापरता त्या हवेच्या पाइपनं नको, तो फुफाटा आत कोंबतो आणि टाकीतलं पाणीही सोबत जातं. पेट्रोल किंवा थिनरही नको, प्लास्टिकची काच पांढरी पडते. आणि गाडीच्या डिकीत मीटर ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत बॅटरी उकडून निघते. गळालीच तर आधी जात बघा. अल्कलाइनची पांढरी बुरशी लिंबाच्या दोन थेंबांनी निघते, झिंक-कार्बनची खायच्या सोड्याच्या पाण्यानं. नंतर ओल्या कापसानं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि पूर्ण वाळू द्या. क्लिपची वायर सोलून पाहिल्यावर आतलं तांबं काळं पडलेलं दिसलं तर साफसफाईच्या नादी न लागता क्लिपच बदला, ती काही रुपयांत मिळते.

आता तक्रारीचं. पुरवठा २३० च्या ६ टक्के वर-खाली असायला हवा, म्हणजे अंदाजे २१६ ते २४४. नवी बॅटरी घालून, सेलवर आणि गाडीच्या बॅटरीवर मीटर तपासूनही प्लगला २५५ च्या पुढे येत असेल, तर मीटरची १३ व्होल्टची चूक वजा करूनही तुम्ही रेषेच्या जवळ किंवा वर आहात. मग दोन-तीन दिवस पहाटे, दुपारी माग चालू असताना आणि रात्री उशिरा मोजून वेळेसकट लिहून काढा. तिन्ही फेजचे आकडे वेगळे लिहा, पण ते घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांतल्या प्लगवर मोजा, पॅनल उघडून नाही. फक्त रात्री माग बंद असताना चढत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरवरच्या टॅपचा, म्हणजे तिथे व्होल्टेज कमी-जास्त ठरवणाऱ्या जोडणीचा, प्रश्न असू शकतो. एक फेज चढलेला आणि दुसरा पडलेला असेल तर न्यूट्रलचा, आणि तो त्याच दिवशी कळवायचा. आकडे, वेळ आणि ग्राहक क्रमांक सांगून तक्रार नोंदवली की वायरमन आपला मीटर घेऊन येतो आणि तुमच्यासमोर मोजतो. त्याच मिनिटाला त्याच प्लगवर तुमचाही मोजून ठेवा, म्हणजे तुमचा मीटर किती जास्त किंवा कमी दाखवतो तो फरक कायमचा कळेल. मीटरच्या पाठीवर टेप लावून तो फरक आणि बॅटरी घातल्याची तारीख लिहून ठेवा.